मामा म्हटलं म्हणून

८ जानेवारी, सोमवार

नवी शिक्षिका आली — एकदाची! माझ्या गुडघ्यांनी केव्हाच संप पुकारलाय, कमिटीला जाग आत्ता आली. मार्चमध्ये मी सुटणार. तोवर हिला तयार करायची.

अंगाने काडी, आवाज त्याहून बारीक. तिला बालवाडी दाखवली. बिजागरीवर बांधलेला जुना पायमोजा — दारात कुणाची बोटं चेमटू नयेत म्हणून. गुडघ्याएवढ्या उंचीचे नळ. टोकं बोथट केलेल्या कात्र्या. सगळ्याला तिचं एकच, "हो, आजी." मुलं मला आजी म्हणतात, पालक म्हणतात, कमिटीही म्हणते, हिने पहिल्या तासातच सुरू केलं. माझा सख्खा नातू याच बालवाडीत आहे, त्या बिचाऱ्याला वाटतं आजी हा माझा हुद्दाच आहे.

दुपारपर्यंत मुलांनी तिचं नाव "छोट्या बाई" करून टाकलं.

११ जानेवारी

पाणी ओतायचा खेळ. मी असते तर "सांडू नका"चा जप सुरू केला असता. हिने खुशाल सांडू दिलं आणि विचारलं, "पाणी गेलं कुठे?" मुलं जमिनीला नाक लावून बघायला लागली. भिंगरी म्हणाली, "फरशीला तहान लागली होती." — आमची भिंगरी, जिचा पाय घटकाभर एका जागी ठरत नाही! आज ती त्या ओल्या डागाजवळ बसून राहिली, तो वाळेपर्यंत.

पोरगी हाडाची शिक्षिका आहे. शिकवून येणारी गोष्ट नाही ही.

१६ जानेवारी

एकच खोट. तिला नाही म्हणता येत नाही. एका पोराने तिच्या ओढणीला नाक पुसलं, ती हसली. कुणाचे तरी आजोबा म्हणाले, ऊन आहे, आत जरा टेकतो — ते गोष्टीच्या तासाला मध्यभागी पाय पसरून बसले. मुलांना ती गोड शब्दांत बरोबर थांबवते. मोठं माणूस समोर आलं की गोगलगाय!

२२ जानेवारी, सोमवार

काय दिवस होता हा. जेवण गेलं नाही.

सुटायची वेळ. मी मागे सतरंज्या गुंडाळत होते, फाटकावर छोट्या बाई. एक माणूस आला. भिंगरी "मामा!" करत धावली आणि त्याच्या पायांना बिलगली. तो म्हणाला, नेतो हिला. हिने दिली!

थोड्या वेळाने भिंगरीची आई आली. इस्पितळात नर्स आहे, ड्यूटी संपवून तशीच धावत येते. भिंगरी कुठंय, तिने विचारलं. छोट्या बाई म्हणाली, मामा घेऊन गेले.

आई म्हणाली, "मला भाऊच नाही."

मग आम्ही तिघी रस्त्यावर. मला गुडघे आहेत हेसुद्धा मी विसरले. या दुकानात विचार, त्या जिन्यात डोकाव. आणि कोपऱ्यावरच्या इस्त्रीच्या दुकानात कपड्यांच्या गाठोड्यावर भिंगरी! बिस्किट खात होती. इस्त्रीवाल्याला गल्लीतली सगळीच पोरं मामा म्हणतात. आईला उशीर होतोय असं त्याला वाटलं, दुकान वाटेवरच, म्हणाला, आई जाताना घेऊन जाईल. भला माणूस. आमचे चेहरे पाहून त्याची इस्त्री कुणाच्या तरी सदऱ्यावर तशीच राहिली आणि सदरा जळला.

भिंगरीची आई दुकानाच्या पायरीवर बसली आणि रडली. छोट्या बाई तिच्या शेजारी बसून रडली. मी उभीच. बसले असते तर उठवायला दोघी जणी लागल्या असत्या.

खरं सांगायचं तर आपल्यात मामा नाही कोण? दूधवाला मामा, बसवाला काका, भाजीवाली मावशी. सगळं गाव नात्यातलं. पोरीने मामा म्हटलं म्हणून हिने मामा मानला.

२३ जानेवारी

सकाळी ती माझ्या आधी येऊन उभी. नोकरी सोडते म्हणाली. मी म्हटलं, आधी सतरंज्या घाल. घातल्या. मग विचारलं, त्याला अडवलं का नाहीस?

"मोठे होते ते. मला मोठ्यांना नाही म्हणता येत नाही, आजी."

मी म्हटलं, मग शीक. चूक केलीस ना, आता निस्तर. पळून गेलीस तर घाबरट शिक्षिका म्हणून दुसऱ्या कुणाच्या तरी फाटकावर उभी राहशील.

संध्याकाळी कमिटी बसली. अध्यक्ष तावातावाने बोलले. पुन्हा असं झालं तर बालवाडी बंद, खोली शिवणवर्गाला. बाकीच्यांनी माना डोलावल्या. मी सांगितलं, पोरगी माझ्या भरवशावर राहील. भरवसा वाटत होता का मला? अर्धाच. उरलेला अर्धा आवाज चढवून भरून काढला.

२९ जानेवारी, सोमवार

तोडगा तिनेच काढला! प्रत्येक घराने मुलाबरोबर बसून एक शब्द ठरवायचा. गुपचूप. न्यायला येणाऱ्याने फाटकाबाहेरून तो म्हणायचा. नातं सांगितलेलं चालणार नाही, शब्दच लागेल. मी म्हटलं, हे काय बँकेचं लॉकर आहे? पण भिंगरीच्या आईने सगळ्यांत आधी मान डोलावली, मग मीही.

सगळ्यांचे शब्द तिला तोंडपाठ. मी त्या भानगडीत पडले नाही. आमच्या सूनबाईनेही नातवाशी कुजबुजून शब्द ठरवला, मला विचारूनही सांगितला नाही. मला लागतो कशाला? मी तर फाटकाच्या आत, नातू रोज माझ्याच बोटाला धरून घरी येतो!

२ फेब्रुवारी

फाटकावर रोज तमाशा — बघण्यासारखा! सुटाबुटातले वडील गंभीर चेहऱ्याने "ढेकर" म्हणतात आणि मूल ताब्यात घेतात. एका आत्याबाईंचा शब्द "टिंगटिंग टरबूज". मुलं आपल्या माणसाचा शब्द ऐकायला कान टवकारून बसतात. आणि त्यांना कळलंय. खरंच कळलंय! भिंगरीला तिच्या मावशीने गोळी दाखवून बोलावलं तर ही फाटकाआडून म्हणाली, "आधी शब्द." चार वर्षांची पोर! मला इतका अभिमान वाटला की गोळी मीच खाल्ली.

९ फेब्रुवारी, शुक्रवार

आज अध्यक्ष स्वतःच्या नातवाला न्यायला आले. शब्द त्यांना माहीत होता, पण म्हणेनात. मी कमिटीचा अध्यक्ष आहे, मला ओळखत नाही का, वगैरे. छोट्या बाईचा चेहरा उतरला. हात कडीवर गेलाच होता तिचा! मी आडवी आले.

"म्हणा, अध्यक्ष. मुलं ऐकतायत."

त्यांनी इकडे तिकडे पाहिलं आणि पुटपुटले, "शेंबूड." नातवानेच निवडलेला! आत हशाचा स्फोट. अध्यक्षही शेवटी हसले, चांगलं चाललंय म्हणाले आणि गेले.

निभावलं. पण मी होते म्हणून. मार्चनंतर कोण आडवं येणार?

२० फेब्रुवारी

तिला रोज मुलं गेल्यावर सराव देते. मी फाटकाबाहेर उभी राहते, कधी काका होते, कधी खडूस सासू. म्हणते, दे गं मूल. तिने नुसतं "नाही" म्हणायचं. ती म्हणते, "नाही... म्हणजे, तसं नाही, पण आजी, जरा..."

कपाळावर हात मारून घेतला. तिने विचारलं, डोकं दुखतंय का, पाणी आणू?

१ मार्च

इस्त्रीवाला जळक्या सदऱ्याचं कापड घेऊन आला. त्याच्या छान चौकोनी पट्ट्या केल्या होत्या, मुलांना चिकटकामाला. फाटकाबाहेरच थांबला बिचारा. भिंगरी ओरडली, "मामा, शब्द काय?" तो म्हणाला, बाळा, मला शब्दच नाही. मग पट्ट्या फाटकावरून दिल्या. भिंगरीची आई तेवढ्यात आली, त्याच्याशी हसून बोलली. बरं वाटलं.

त्या पट्ट्यांचं मुलांनी घर केलं, दार लावलेलं. भिंतीवर डकवलंय.

१५ मार्च, शुक्रवार

निरोप झाला. मुलांनी गाणं म्हटलं, प्रत्येकाने वेगळं. अध्यक्ष बोलले, लांबले. मी रडणार नाही असं ठरवलं होतं, पण बिजागरीवरचा पायमोजा बदलून नवा बांधलेला दिसला आणि संपलंच.

पाण्याचा खेळ तिचा, शब्दाची युक्ती तिची. मुलं तिच्याकडे धावतात. माझ्या हाताखालून गेलेल्यांत ही सगळ्यांत गुणी. पण फाटकावर एकटी उभी राहिली आणि समोर कुणी मोठं माणूस दटावून बोललं तर? एका चुकीवर खोली जाईल. देवा, तिला तेवढा एक शब्द दे. नाही.

१८ मार्च, सोमवार

घरी करमेना. म्हटलं, नातवाला आज आपणच आणावं, सूनबाईला सांगायलासुद्धा थांबले नाही. फाटकाशी पोचले तर आत गलका, "आजी! आजी!" नातू सगळ्यांत पुढे. मी सवयीने कडीला हात घातला. कडीवर आतून तिचा हात होता.

"शब्द, आजी?"

मी हसले. ती हसली नाही. मी आवाज चढवला, अगं, सख्खा नातू आहे माझा! तिचे कान लाल झाले, आवाज होता तेवढाच बारीक.

"नाही, आजी."

पुढे "म्हणजे" नाही, "पण" नाही, काही नाही! नातवाने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं होतं. सूनबाई येईपर्यंत मी समोरच्या कट्ट्यावर बसून राहिले, डोळे पुसत. ती आली, "गुडघा" म्हणाली आणि कडी निघाली.

शुक्रवारी नुसता निरोप झाला होता. निवृत्त मी आज झाले.