वरचं उत्तर

४ मार्च
चाललं! ताई बोलली! म्हणजे डोळ्यांनी. हातपाय आणि वाचा गेल्यापासून तिची नजरच तेवढी शाबूत. स्क्रीनवरच्या एकेका अक्षरावर नजर रोखून शब्द जुळवताना तिचे डोळे गळायचे. मी बनवलेला नवा स्क्रीन मी भरलेल्या वाक्यांतून पुढचं वाक्य स्वतःच ओळखतो, एकाखाली एक तीन उत्तरं दाखवतो. हव्या त्या उत्तराकडे बघितलं की आवाज येतो.

पहिलं वाक्य — "छान झालंय." भावजी तर ढसाढसा रडले.

७ मार्च
घरात पुन्हा बोलणं सुरू झालंय. "जेवतेस का गं?" विचारलं, तर "नको, धन्यवाद!" धन्यवाद! आमची ताई! जिने जन्मात कुणाचे आभार मानले नाहीत, ती!

भावजी म्हणाले, "आजारपणात माणूस निवळतं गं." असेल.

११ मार्च
तिला उचलून उचलून भावजींची कंबर गेलीय. आज धीर करून विचारलं त्यांनी — कायमचं शुश्रूषागृहात ठेवू का? स्क्रीनवर सगळ्यात वर आलं, "हो, चालेल." ताईने तेच निवडलं.

सोमवारी नेणार.

१२ मार्च
सकाळपासून ताईचं "पाणी हवं" चाललंय. दर वेळी भांडं ओठाला लावलं, एक घोट घेईल तर शपथ. "पाणी हवं" सगळ्यात वर होतं!

नजर खाली न्यायला तिला त्रास होतो, हे मला ठाऊक होतं. मग ती उत्तर निवडते, की नुसतं वरचं उचलते? आणि ती सगळी गोड वाक्यं तरी कुणी भरली? मीच. मला तशी ताई हवी होती.

१३ मार्च
भावजींना सांगितलं. भडकले. "ती हो म्हणाली ना? मग? मी काय तिला घराबाहेर काढतोय?"

म्हटलं, ती नाही म्हणाली, माझा स्क्रीन म्हणाला. दार आपटून गेले. त्यांचा राग नाही येत मला. स्वतःचा येतो. आजारी बहिणीच्या तोंडी माझे शब्द कोंबले मी.

१५ मार्च
सगळी तयार उत्तरं काढून टाकली. नुसती अक्षरं ठेवली. ताईच्या कानाशी म्हटलं, "उद्या निघण्याआधी पुन्हा विचारते. हवा तेवढा वेळ घे. तू फक्त नाही म्हण. भावजींशी मी भांडते."

१६ मार्च
अख्खी सकाळ लागली तिला. भावजी आणि मी दोघंही शेजारीच होतो.

"जायचंय. तुमची रडकी तोंडं बघवत नाहीत."