कडं आलं, पण शनी हरवला

प्रिय शालकमहाराज,

तुझ्या भाऊजींचे पोटभर आशीर्वाद. तुझी तब्येत, तुझा फोटो स्टुडिओ आणि बायकोशी धरलेला तुझा अबोला, या तिन्हींत सुधारणा असेल अशी आशा करतो. (अबोला तूच सोड. अनुभवाने सांगतो.) इकडे सगळं ठीक. तुझ्या ताईच्या गुडघ्याचं ऑपरेशन छान झालं, टाके सुकले, डॉक्टर तर म्हणतात चाला. पण बाईसाहेबांचा प्रवास अजून खाटेवरून खुर्चीवर आणि खुर्चीवरून खाटेवर, एवढाच. जिन्याचं नाव काढलं की तोंड फिरवते. दुर्बीण गच्चीवर, ताई तळमजल्यावर आणि मधे दोन जिने. या पत्रातला सगळा गोंधळ त्या दोन जिन्यांतून उगवला आहे.

तुला ठाऊक आहेच, शिवणाच्या दुकानातली कात्री मुलाच्या हाती दिल्यावर मी ही दुर्बीण घेतली. 'नवशिक्यांसाठी' असं खोक्यावरच छापलेलं होतं, त्यामुळे कुणी फसवलं असंही म्हणता येत नाही. लोकांच्या मागे शनी लागतो, मी शनीच्या मागे लागलो. आणि सापडला रे! डोळा लावला तर मोहरीच्या दाण्याला दोन्ही बाजूंनी कान फुटल्यासारखा. धावत खाली येऊन ताईला सांगितलं, तर म्हणाली, "मोहरीला कान? आधी चष्म्याचा नंबर तपासून या." ते मी हसण्यावारी नेलं. पण मध्यंतरी एकदा भाजी निवडता निवडता ती स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाली, "तुमचं ते कानवालं आता मला काही दिसायचं नाही." रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं, मला काहीतरी बोलता तरी आलं असतं. त्यात शनी हल्ली रोज थोडा लवकर मावळायला लागलाय. थोड्याच दिवसांत संध्याकाळच्या उजेडात बुडेल, मग पुढे कित्येक महिने संध्याकाळी दर्शन नाही. तेव्हा मी मनाशी ठरवलं, ताई वर जात नाही तर शनीलाच खाली आणायचं. आणि मोहरीएवढा नाही, चांगला बशीएवढा. तुझा जुना कॅमेरा मागवला तो यासाठी. (तुला 'घरचे फोटो काढायला' असं सांगितलं होतं. शनी घरी आणायचा होता, म्हणजे घरचाच झाला.)

कृती सोपी वाटत होती. दुर्बिणीच्या तोंडाजवळची डोळा लावायची नळी काढायची, तिच्या जागी आट्यांची चकती लावून कॅमेरा बसवायचा. बसवला, आणि दुर्बिणीनं मान टाकली. तुझा कॅमेरा एवढा जड का आहे? आत खलबत्ता ठेवलायस का? मग तोल साधायला दुर्बिणीच्या मागच्या टोकाला माझी जुनी इस्त्री बांधली, तीही परकराच्या नाडीनं. (नाडी कुणाच्या परकराची ते विचारू नकोस, कारण तुझी ताई अजून शोधते आहे.) तोल साधला, पण कॅमेऱ्याच्या पडद्यावर शनी म्हणजे नुसता पांढरा धब्बा. बाजूची खुंटी पिळत कॅमेरा आत आत नेला, पार शेवटाला टेकला, तरी धब्बाच. आता तूच सांग, जन्मभर शिवणकाम केलेल्या माणसानं अशा वेळी काय करावं? बाही पुरत नसेल तर जोड द्यावा. मी पुठ्ठ्याची नळी वळून कॅमेरा आणि दुर्बीण यांच्या मधे जोड दिला. आणि काय सांगू! धब्ब्याचं कडं झालं. गोल, गुबगुबीत, झळझळीत कडं. जोड वाढवला, कडं वाढलं. आणखी वाढवला, आणखी वाढलं. मी गच्चीवर एकटाच टाळ्या वाजवल्या.

फोटो मोठा छापून आणला आणि ताईच्या मांडीवर ठेवला. तिनं चष्मा लावला, कागद उलटासुलटा केला आणि म्हणाली, "कडं झकास आहे हो. पण शनी कुठाय? मधे तर भोक आहे." खरं सांगतो, तोवर माझं तिकडे लक्षच गेलं नव्हतं. मी म्हटलं, फार मोठा केल्यामुळे मधला भाग गळून गेला असेल. ती म्हणाली, "असं? मग समोरच्या औषधाच्या दुकानाच्या दिव्याचा काढून आणा बघू." काढला. त्यालाही कडं, हिरवं. पलीकडच्या मोबाइलच्या मनोऱ्यावरच्या दिव्याला लाल कडं. म्हणजे एक तर जगातल्या प्रत्येक दिव्याला कडं असतं आणि आपण उगाच एकट्या शनीचं कौतुक करतो, नाहीतर माझं काहीतरी चुकत होतं. जोड थोडा थोडा काढत गेलो तसं कडं आक्रसत गेलं. म्हणजे कडं कसलं, धब्बाच पसरलेला! जिथे मी जोड देत होतो तिथे कापायला हवं होतं! पण अख्खी दुर्बीण कापायची कुठून? शेवटी दुर्बिणीच्या दुकानदारानं, मधलं भोक म्हणजे आतल्या छोट्या आरशाची सावली असं सांगून, दुप्पट मोठं करणारं एक भिंग दिलं, ते मधे बसवलं, आणि पडद्यावर शनी एकदम लख्ख, कानांसकट. भिंगाचं काम दुप्पट करायचं, त्यानं धब्ब्याचा शनी कसा केला, हे मला अजून उमगलेलं नाही. (तुला उमगलं तर तुझ्यापुरतं ठेव, मला आणखी गोंधळायचं नाही.) मी घाईघाईनं बटण दाबलं, इस्त्री झोके घ्यायला लागली, आणि फोटोत आलं ते पांढरं गांडूळ. तेसुद्धा ताईला दाखवलं. "याला कान नाहीत," एवढंच म्हणाली.

सगळ्यांना माझे आशीर्वाद. पोरांना पापे.

तुझा,
वर बघून मान आखडलेला भाऊजी

ता. क. कॅमेऱ्याचं सोड. खरं काम वेगळंच आहे. रविवारी एखादा धट्टाकट्टा मित्र घेऊन ये. ताईला हात असलेल्या खुर्चीत बसवू आणि तिघं मिळून वर नेऊ. तिला आधी कळलं तर ती खुर्चीला हात लावू देणार नाही, म्हणून 'कॅमेरा बघायला आलो' असं सांग.

ता. क. (हे अक्षर माझं, ताईचं.) पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं, म्हणून वाचलं. हे गच्चीवर गेले की मी रोज कठडा धरून जिना चढून बघते. पडले तर यांना बघवणार नाही, म्हणून बोलले नाही. काल गच्चीच्या दारापर्यंत पोचले. हे पाठमोरे उभे, हातात माझी नाडी, आणि शनीला म्हणत होते, "अरे, थोडा थांब की बाबा, तिला यायला वेळ लागतोय." मी तशीच हळूच खाली आले. रविवारी यांच्यादेखत चढणार आहे. तू जरूर ये. खुर्ची उचलायला नको, धट्टाकट्टा मित्रही नको. तो कॅमेरा तेवढा काढून घेऊन जा, म्हणजे मला डोळा लावायला जागा होईल.