आईच्या पेशी ऐकत नाहीत

४ मार्च

दादा येऊन गेला. आई आतल्या खोलीत झोपली होती, तरी कुजबुजतच बोलत होता. "तिचं घर भाड्याने देऊन टाकू. ती आता परत एकटी राहील असं तुला खरंच वाटतं?"

आई माझ्याकडे आली ती हिवाळ्यात. गॅसवर दूध ठेवून विसरली, घरभर धूर झाला, शेजाऱ्यांनी दार फोडलं – तेव्हापासून. दादाने मनाशी ठरवूनच टाकलंय की हा विस्मरणाचा आजार. वय झालं की असंच व्हायचं. अशा लोकांची काळजी घेणारी एक संस्था बघून ठेवलीय त्याने. जागा छान आहे म्हणे. खिडक्या मोठ्या आहेत.

खिडक्या घेऊन काय करायचंय?

६ मार्च

प्रयोगासाठी साठीपुढच्या एका माणसाचं रक्त हवं होतं, तो ऐनवेळी आलाच नाही. आईजवळ सहज बोलले. ती भिंतीकडे बघत राहिली. मी विषय सोडून कपड्यांच्या घड्या घालायला लागले, तेव्हा म्हणाली, "माझं घे." हल्ली सगळं असंच – उशिरा, आणि घोगऱ्या आवाजात.

बाईंना विचारलं. आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख त्या, नियमाच्या पक्क्या. पण आईला दुसरा काही आजार नाही म्हटल्यावर म्हणाल्या, "विसरभोळेपणा काही रक्तात नसतो. आण."

आमचं काम म्हटलं तर साधं. तांबड्या पेशीत जनुकं नसतातच, त्यामुळे हॉर्मोनने तिथे जाऊन हुकूम सोडायची सोय नाही. तरीही थायरॉइडचं हॉर्मोन घातलं की पेशीच्या आवरणातलं एक एन्झाइम कामाला लागतं आणि कॅल्शियम भराभर बाहेर उपसतं. मग निरोप पोचतो कसा? बाईंना वाटतं, आवरणातली चरबी ते ठरवते.

११ मार्च

आईच्या पेशी ढिम्म. हॉर्मोन घातलं – काही नाही. दुप्पट घातलं – जेमतेम हलल्या. त्याच बाटलीतलं हॉर्मोन माझ्या रक्ताला दिलं तर एन्झाइमने छान उसळी घेतली.

"नमुना बिघडला असेल, टाकून दे," बाई म्हणाल्या. टाकवेना.

१३ मार्च

आईचं पुन्हा रक्त घेतलं. पुन्हा तेच.

१७ मार्च

पेशींचं आवरण तपासलं. कोलेस्टेरॉल ठासून भरलेलं! थिजलेल्या मेणासारखं घट्ट. मग कोलेस्टेरॉल ओढून घेणाऱ्या चरबीच्या बारीक थेंबांबरोबर त्या पेशी दिवसभर ठेवल्या, आणि हॉर्मोन दिलं. एन्झाइम उठून कामाला लागलं. म्हणजे ते शाबूत होतं. निरोपही येत होता. मधली भिंत तेवढी जाड झाली होती.

बाईंनी आलेखावरून बोट फिरवलं. "टाकून दिलं नाहीस ते बरं केलंस." त्यांच्या तोंडून एवढं म्हणजे फार झालं.

घरी येऊन आईला सांगितलं, तुझं एन्झाइम अगदी ठणठणीत आहे. तिने विचार केला. "मग वाईट काय आहे?"

मी हसले. भांडी घासताना मात्र हसू गेलं. खरंच – वाईट काय आहे?

१८ मार्च

आईचं खाणं चिमणीएवढं. मग एवढं कोलेस्टेरॉल आलं कुठून? सकाळी चहा द्यायला गेले. बाहेर उकाडा, आणि आई पायमोजे घालून, शाल लपेटून बसलेली. आयुष्यभर लोकांच्या मुलांना पोहायला शिकवलं हिने. गार पाण्यात तासन्‌तास उभी राहायची, वर आम्हालाच हसायची. चेहरा सुजलेला. भुवया विरळ. आवाज घोगरा.

थायरॉइड मंदावला की रक्तात कोलेस्टेरॉल साठतं. हे मी विद्यार्थ्यांना शिकवते! काखेत कळसा नि गावाला वळसा.

दादाला फोन केला. "तुझ्या प्रयोगशाळेतून जरा बाहेर ये," म्हणाला. "संस्थेला शुक्रवारी हो म्हणायचंय."

"शुक्रवारपर्यंत थांब ना मग."

१९ मार्च

डॉक्टरांनी माझे आलेख शांतपणे बघितले आणि बाजूला सारले. "यावरून मी गोळी देणार नाही. थायरॉइडची साधी तपासणी करू." बरोबरच आहे त्यांचं. आईच्या घोट्यामागे हातोडी मारली. पाऊल हललं, पण जागेवर यायला आळस केला. डॉक्टरांनी पुन्हा मारून बघितलं. मग तपासणीच्या कागदावर 'तातडीने' असं लिहिलं.

२० मार्च

थायरॉइड जवळजवळ बंद आहे.

"सगळी स्मरणशक्ती परत येईल असं वचन देत नाही," डॉक्टर म्हणाले. "पण बरीच येऊ शकते. थोड्या गोळीने सुरू करू, हृदयाला झेपलं पाहिजे."

दादाने फोनवर सगळे आकडे पुन्हा विचारून घेतले. मग म्हणाला, "थांबायला सांगतो त्यांना."

९ एप्रिल

काही फरक नाही. गोळी, शाल, भिंत. दादा विचारत नाही, मी सांगत नाही.

२ मे

आई भांडली! "पडदे किती मळलेत तुझे. आणि हे काय, शाल कुणी घातली मला?" मी स्वयंपाकघरात जाऊन रडून घेतलं, मग पडदे काढले.

२८ मे

दादा आला. आईने त्याला शेजारी बसवलं. "हं, कुठल्या मोठ्या खिडक्या दाखवणार होतास मला?"

त्याचा चेहरा पडला. "तू झोपली होतीस…"

"झोपले नव्हते रे. उत्तर यायला वेळ लागत होता."

दादाने मान खाली घातली. आईने त्याच्या पाठीवरून हात फिरवला. "तुझं तरी काय चुकलं? मलाही वाटलं होतं, संपलं आपलं." मग मला म्हणाली, "चहा टाक. साखर कमी. त्याचं पोट बघ."

११ जून

आईचं नवीन रक्त. कोलेस्टेरॉल उतरलंय आणि पेशी पहिल्याच हाकेला उठल्या. बाईंना आता अशाच आणखी रुग्णांवर नीट अभ्यास करायचाय. एका माणसावरून काही सिद्ध होत नाही, असं त्या दोनदा बजावून म्हणाल्या. पण आलेखाची प्रत घरी नेऊ दिली.

२१ जून

आई तिच्या घरी गेली. राहा ना इथेच, म्हटलं. "मला बरं केलंस ते काय इथे बसवून ठेवायला?"

संध्याकाळी फोन केला. उचलला नाही. पुन्हा केला. नाही. चपला घालून दारात पोचले तेव्हा तिचाच आला.

"बाहेर गेले होते गं. तू जेवलीस का?"