आपल्याच धुराची फुंकणी

छावणी, संभाजीनगर
शुक्रवार, २५ ऑक्टोबर २०२४

चि. काकासाहेब यास आईचा आशीर्वाद.

इकडं सगळी खाऊनपिऊन बरी आहेत. माझा गुडघा होता तिथंच आहे अन् दुखतो. तू लासूरला शेतातल्या खोलीत हातानं भाकरी थापून खातोस असं आशा सांगत होती. थाप. घरात आशासारखी बायको असून रुसून जाणाऱ्याला भाकरी आलीच पाहिजे. पापुद्रा येतो का तेवढं कळव.

हे फोनवर सांगितलं असतं. पण फोनवर तू मधी बोलतोस, अन् तुझी बायको स्पीकर लावती, म्हणजे गल्ली हजर. कागद मधी बोलत नाही. माझं अक्षर म्हणजे राखेतनं कोंबडी चालून गेल्यावानी. चौथीच्या पुढं शाळेनं मला ठेवलं नाही का मी शाळेला ठेवलं नाही, आता आठवत नाही. लावून लावून वाच. शेजारचा पुंजाराम उद्या लासूरच्या बाजाराला जातो, त्याच्याजवळ देते. त्याला चहा पाज, पण त्याच्यासमोर वाचू नको.

दिवाळीला तू येणार हे कळलं. आशानं लगेच चकलीची भाजणी दळून आणली. बद्रीनं पळवायला ती गाडी घेतली म्हणून तू घर सोडून गेलास, पोराचं तोंड बघणार नाय म्हणालास, अन् आता संध्याकाळ झाली की बापलेक फोनवर बोलत बसता. चांगलं आहे. कशावरनं बोलायला लागलात तेबी मला माहीत आहे. मला तिथंच यायचंय, पण जरा फिरून येते. सरळ गेलं की माझं डोकं गोंधळतं. फिरून गेलं तरी गोंधळतंच, पण दम खायला मिळतो.

जाताना उंबऱ्यात चप्पल घालता घालता तू मला काय म्हणालास, आठवतं का? "आई, ती गाडी रस्त्यावर येऊ देऊ नको. कसंबी कर." मी म्हणलं, "बघते." एवढं ध्यानात ठेव, पुढं लागंल.

तू गेलास तेव्हा गाडी पत्र्याखाली नुसती उभी होती. लाल, बुटकी, आत बसायचं तर वाकून नमस्कार घातल्यासारखं बसायचं. चांगली पळत होती. बद्रीला वाळूजच्या कंपनीत जाऊन यायला जेवढं पळायचं त्याच्या दुप्पट पळत होती. तरी एक दिवस बघते तर बॉनेट उघडं, चाकं काढलेली, अन् शफीक खाली उताणा. माझं पितळी पातेलं घेऊन त्यात काळं तेल सोडलेलं.

मी म्हणलं, "बद्री, तिला काय झालंय?"

"काय नाय झालं, आजी."

"मग खोलली कशाला?"

"टर्बो बसवतोय. आणखी जोर येतो."

"कुठं जायचंय?"

बद्रीनं मान खाजवली. गाडीखालून शफीक हसला. त्याच्या हसण्यावर मला राग आला अन् मी पाट घेऊन तिथंच बसले. म्हणलं, मला समजून सांगा, नाहीतर पातेलं द्या.

टर्बो म्हणजे लोखंडी गोगलगाय, दोन शंख पाठीला पाठ लावून ठेवल्यावानी. शफीक तुला माहीतच आहे, बाजारातल्या कमरोद्दीन मिस्त्रीचा पोरगा, मराठीत सुरू करतो अन् मधीच आपल्या बोलीत घुसतो. म्हणला, "आजी, गाडी धूर भाईर टाकती ना? वो फोकट जाता. हम उसको बोलते, जाते जाते ये पंखा फिरा के जा. इधर का फिरा तो उसीच दांडी पे उधर का बी फिरता, अन् हवा खींच के इंजन में ठूसता. हवा जादा, पेट्रोल जादा, आग जादा."

"म्हणजे आपल्याच धुरानं आपलीच चूल फुंकायची?"

"हौ! बस इत्ताच."

"अन् चूल पेटली की धूर आणखी होणार. मग ती फुंकणी थांबायची कधी?"

दोघं एकमेकांकडं बघायला लागले. मग शफीकनं एक छोटं झाकण दाखवलं. जोर जास्त झाला की ते उघडतं अन् धूर पंख्याला न शिवता बाजूनं जातो म्हणे. मी म्हणलं, असं एखादं झाकण तुझ्या बापालाबी पाहिजे होतं, बद्री. तो हसला नाही. तेव्हा तुमचं बोलणं बंद होतं.

पुढं तर मला काहीच कळंना. फुंकलेली हवा तापती म्हणून तिला निववायला पुढच्या तोंडाशी जाळीचा डबा बसवला. आधी तापवायची, मग निववायची, मग परत जाळायची. आपण चहा उकळून बशीत ओततो तसं, असं मीच मला समजावलं. तेलाची एक बारकी नळी गोगलगायीत जाणारी, एक जाड नळी परत येणारी. पाण्याच्या टाकीवर लॅपटॉप ठेवून त्याची वायर गाडीला लावली, अन् बद्री त्याच्याकडं बघत आकडे म्हणायला लागला. मी विचारलं, "ताप आलाय का तिला?" म्हणला, "तसंच समज."

तरी मी रोज पाट टाकून बसायची. का बसायची ते विचारू नको. कंपनीतनं आलं की पोरगं तोंड वाकडं करून भिंतीकडं बघत पडायचं, ते गाडीखाली शिरलं की गाणं म्हणायचं. शफीकनं पान्हा मागितला की बद्री देणार, अन् दोघं एकाच ताटात जेवणार. तुला वाटतं शफीकनं पोराला नादी लावलं. मी डोळ्यानं बघितलंय, नादी लावलं ते बद्रीनं त्याला.

खंडेनवमीला मी घरातल्या लोखंडाची पूजा केली. विळी, कोयता, बद्रीचे पान्हे अन् गाडी. तू एसटी चालवायचास तेव्हा तिचीबी डेपोत येऊन करायची तशीच.

दसऱ्याला दुपारी गाडी निघाली. बद्री म्हणला, "आजी, पहिला मान तुझा, पुढं बस." तुझी बायको दारातनं ओरडत होती, म्हातारीला मारता का म्हणून. मी बसले. तू मला बघते म्हणायला लावलं होतंस, म्हणलं बघून तरी यावं. शफीक मागं, मांडीवर लॅपटॉप. पडेगाव गेलं, मिटमिट्याच्या पुढं दौलताबादकडं रस्ता मोकळा होता. बद्रीनं पाय दाबला. आधी काही नाही. मग कुठंतरी बारीक शिट्टी सुरू झाली, चढत गेली, अन् छातीवर हात ठेवून कुणी मागं रेटावं तशी मी सीटला चिकटले.

तुला राग येईल. पण खोटं कशाला लिहू, मला हसू आलं. कवळी हातानं धरून हसले. तुझ्या एसटीत मी इतकी वर्षं बसले, बिनअपघाताचा बिल्ला मिळाला तुला, सगळं खरं, पण हसू कधी आलं नाही.

हसता हसता मला एक गोष्ट आठवली. मी "थांब" म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात शिट्टीची किंकाळी झाली. मग खडखड, मग मागं पांढऱ्या धुराचा डोंगर. गाडी बाजूला घेतली. कुणाला काही लागलं नाही. बद्री उतरून बॉनेटपुढं उभा राहिला अन् पोराचं तोंड असं झालं की मी दुसरीकडं बघितलं.

दोरीनं ओढत शफीकच्या दुकानापुढं आणली. खोलली तर आतला पंखा कुरतडलेला, पाती मोडलेली. तुकडे जाळीच्या डब्यात अडकले म्हणून इंजिन वाचलं. बद्री म्हणला, आत काहीतरी राहिलं होतं. नट राहिला असंल. शफीकला म्हणला, "तू राहू दिलास." भर बाजारात म्हणला. शफीकनं पंख्यावरनं बोट फिरवलं अन् म्हणला, "हौ भाई, मेरेसेच रहा होगा."

मग काय, बाजाराला तेवढंच पाहिजे होतं. कमरोद्दीनच्या पोराचा हात आता भरवशाचा नाही, असं पानटपरीवर सुरू झालं. दोन गिऱ्हाईकं आपल्या गाड्या न खोलताच घेऊन गेली. अन् आशानं कळवलं तसा त्याच दिवशी तुझा बद्रीला फोन आला. तू म्हणालास, "मी सांगितलंच होतं, त्याला घरात घेऊ नको." बद्री म्हणला, "व्हय दादा." किती महिन्यांनी बापाला दादा म्हणला. आशा आत जाऊन रडली, आनंदानं. तेव्हापासून तुम्ही बोलता. काय बोलता ते स्पीकरवर ऐकू येतं. शफीकनं काय काय बिघडवलं, एवढंच बोलता.

आता ती गोष्ट.

नवमीला गाडीला हळदकुंकू लावलं. गोगलगायीकडं जाणारा नळा तोंड वर करून उघडा होता, त्यावर हवेची जाळी बसायची राहिली होती. मला वाटलं, सगळा जोर जर इथनं जातो तर विडा इथंच ठेवावा. काठावर पान ठेवलं, पानावर सुपारी ठेवली, कुंकू वाहिलं, डोळे मिटले. मागायला गेले तर दोन मागणी एकदम आली. पोराची गाडी पळू दे. अन् पळू देऊ नको. दोन्ही माझ्याच आवाजात. आधी कुठली, नंतर कुठली, मला सांगता येत नाही.

आत टक् झालं. डोळे उघडले तर पान होतं, सुपारी नव्हती.

घरंगळली का मी लोटली, हे तेव्हापासून मी मला विचारती. बोट तिथंच होतं. घरंगळली म्हणावं तर बोट हसतं. लोटली म्हणावं तर वाटतं, मी तसली बाई नाही. आहे का मी तसली? तू सांग, तू मला जन्मापासून ओळखतोस. देवानं दोन्ही मागणी ऐकली म्हणावं तर तसंच झालं, आधी पळाली, मग पळाली नाही. पण देवाच्या गळ्यात घालणं मला बरं वाटत नाही.

एवढं मात्र पक्कं. बद्री आला, म्हणला, "झाली पूजा?" मी म्हणलं, "झाली." दोघांनी त्या तोंडावर जाळी आवळली अन् मी बघत उभी राहिले. बोलायला तोंड होतं, वापरलं नाही.

काल शफीकच्या दुकानात गेले. तो एकटाच बसला होता. मी म्हणलं, "तुझा नट नव्हता, माझी सुपारी होती." त्यानं बिस्किटाचा डबा उघडून कागदाची पुडी काढली. आत अर्धी सुपारी, चावल्यावानी, एका बाजूला अजून कुंकू.

म्हणला, "आजी, सुपारी इंजन में उगती नहीं. मेरेकू उसी दिन समझा."

"मग बोलला का नाहीस, मुडद्या?"

"बोलता तो बद्री तुमपे चिल्लाता. मेरेपे चिल्लाया, चलता."

"तुला कोणी सांगितलं होतं मोठेपणा करायला? दुकान बसलं ना तुझं?"

तो चहा आणायला गेला. कप माझ्या हातात देऊन म्हणला, "एक बात पूछूं? पूजा करी थी, या रोकना था?"

मी चहा पिऊन, पुडी पदरात बांधून उठले.

काल घरी येऊन बद्रीला सांगणारच होते. तेवढ्यात तुझा फोन वाजला अन् तो बाजेवर पाय घेऊन बोलत बसला, लहान होता तसा. मी आत गेले. मला कळतं, मी बोलले की तुमचं बोलायचं कारण संपलं. दुसरं काही तुमच्यात उरलंय का, ते मला माहीत नाही. तुझं तुला माहीत असंल. पण कुणाच्या तरी पोराच्या नावानं खडे फोडून माझ्या घरात दिवाळी होणार असंल तर ती चकली माझ्या घशाखाली उतरणार नाही. तशीबी कवळीनं चावत नाही.

म्हणून धनतेरसला मी शफीकला जेवायला बोलावलंय. जेवायच्या आधी सांगणार, सगळ्यांसमोर, अन् मग बाजारात टपरीवरबी जाऊन सांगणार. बद्री काय करायचं ते करू दे. ओरडला तर माझ्यावर ओरडू दे, मी कुठं पळून चालले. तुला आधीच कळवलं, म्हणजे दारातनं परत फिरायचं असंल तर लासूरलाच राहता येईल, एसटीचं तिकीट वाचंल. येणार असशील तर शफीकच्या शेजारी बसायची तयारी करून ये. अन् "कसंबी कर" हे तू म्हणाला होतास, तेबी त्या ताटावर येणार. मी एकटी खाणार नाही.

पुडीतली अर्धी सुपारी ह्या कागदात घातली आहे, टाकू नको. आपल्यात बोलावणं सुपारीनं करतात. अख्खी द्यावी लागती, पण बाकीची गाडीनं खाल्ली.

कसंबी कर, ये.

घरंगळली का लोटली हे अजून न उमगलेली
तुझी आई
सारजाबाई