बाळंतिणींच्या खोलीतील बेसिन रडत असल्याबाबत

प्रति,
मा. अधीक्षक साहेब,
प्रसूती रुग्णालय.

विषय : सात नंबर खाटेशेजारील बेसिन न काढण्याबाबत.
संदर्भ : ते काढण्याबाबत अर्जदाराने काल केलेली तोंडी तक्रार व त्यावर आपले हसणे.

महोदय,

१. अर्जदार ही सात नंबरच्या बाळंतिणीची सासू असून तिचे डोके ठिकाणावर आहे. हे आधीच लिहिण्याचे कारण पुढे कळेल.

२. सुनेला काल पहाटे मुलगी झाली. अर्जदाराच्या घरात बाळाला पहिले दूध पाजत नाहीत. ते पिवळे, चिकट. नऊ महिने साठलेले दूध शिळे असणारच, हे सांगायला डॉक्टर लागत नाही. म्हणून अर्जदाराने ते वाटीत पिळवून घेऊन बेसिनमध्ये ओतले आणि नातीच्या तोंडात साखरपाण्याचा बोळा दिला. सिस्टर म्हणाल्या, “आजी, सोनं ओतताय!” अर्जदार म्हणाली, “सोनं पिवळं असतं, तशी कावीळही पिवळीच असते.”

३. दूध आत जाताच बेसिन रडू लागले. आधी बारीक, मग हुंदके देत. नळ बंद होता. सगळ्या बाळंतिणींनी आपापली बाळे चाचपली. ती झोपलेली होती.

४. आपल्या प्लंबरने पाईप खोलला. “मावशी, हवा अडकलीय,” म्हणून त्याने हवा काढली. त्यानंतर बेसिन अधिक मोकळेपणाने रडू लागले. प्लंबर हत्यारांची पिशवी टाकून गेला, तो परत आला नाही. पिशवी सुरक्षित आहे.

५. त्या रडण्याने खोलीभर पान्हा फुटला. ‘मला दूधच येत नाही’ म्हणून कण्हणाऱ्यांनीही बाळे छातीशी घेतली. सिस्टर खुशीत आहेत. फक्त सात नंबरची, सासूच्या धाकाने, वाटी धरून बसली. तिची मुलगी बोळा थुंकून टाकी आणि रडणेही विसरली होती. सून म्हणाली, “आई, हिचा आवाज तिकडे तर गेला नाही ना हो?”

६. तेव्हा अर्जदाराने बेसिनला कान लावला. आवाज नातीचा नव्हता. अर्जदाराला पहिला मुलगा झाला होता. तिच्या सासूने ते दूध मोरीत ओतले होते. तो असाच रडला, मग रडायचा थांबला. घरात पुन्हा कुणी त्याचे नाव काढले नाही. नाव ठेवलेलेच नव्हते, त्यामुळे ते सोयीचेही झाले. अर्जदाराची साठी उलटली आहे. तरी तिचा ब्लाउज भिजला.

७. अर्जदाराने सुनेच्या हातची वाटी काढून घेतली आणि नातीला तिच्या छातीशी दिले. नातीने जरा नाक घासले आणि धरले. आता ती पिते, झोपते, उठून पुन्हा ओरडते. खोलीत सगळे म्हणतात, बेसिन गप्प झाले.

८. ते गप्प झालेले नाही. आता ते फक्त अर्जदारालाच ऐकू येते.

सबब, कालची तक्रार रद्द समजावी, बेसिनला कुणी हात लावू नये, आणि सून घरी गेल्यावरही भेटीच्या वेळेत अर्जदाराला बेसिनपाशी बसू द्यावे. एक स्टूल मिळाल्यास बरे. ते आपण हसण्याआधी द्यावे, ही विनंती. आतले अजून भुकेले आहे.

आपली नम्र,
सात नंबरची सासू (व त्या पहिल्याची आई)

दिनांक : नातीचा दुसरा दिवस

सोबत : ब्लाउज एक, ओला. वाळल्यास परत करावा.