आमच्या इमारतीची शिकवणी

जांभूळकर व्याही श्री. चंदरराव यांना उल्हासनगरच्या महिपतीचा रामराम.

तुमचा गुडघा आता वळत असेल, विहीणबाईंचा खोकला बसला असेल आणि आमची जिज्ञासा तुम्हाला वेळेवर चहा देत असेल, असं धरून चालतो. आम्ही ठीक म्हणण्यासारखे आहोत. पुतळाबाईला झोप लागते. मला लागत नाही, कारण दोघांपैकी एकाने जागं राहिलेलं बरं.

पलीकडच्या गल्लीत एका इमारतीचा स्लॅब खाली आला, तेव्हा आमच्या सोसायटीने घाबरून अल्पेश नावाचा इंजिनीअर आणला. त्याने खांबाखांबाला साबणाच्या वडीएवढी डबी चिकटवली. डबी इमारतीची थरथर आणि आवाज टिपते, कॉम्प्युटर ते ऐकून ऐकून इमारत रोज कशी वागते ते शिकतो आणि पुढे काही निराळं जाणवलं की सगळ्यांच्या मोबाईलवर भोंगा. (मी सातवीत शाळा सोडली, आणि हे मशीन न कंटाळता शिकतं!) अल्पेश म्हणाला, शिकवणी चालू आहे तोवर नेहमीसारखे राहा. आता तपासणी आली आणि माणसं नेहमीसारखी राहिली, असं आपल्याकडे कधी झालंय? मला वाटलं, इमारत हलताना दिसली तर आपल्याला बाहेर काढतील. म्हणून मीच दारोदार फिरलो. उखळ बंद, पोरांच्या उड्या बंद, जिन्यावर अनवाणी. तळमजल्यावर भूपेशचा जीन्स शिवायचा कारखाना. त्यालाही हात जोडून मशिनी थांबवायला लावल्या. तो म्हणाला, “काका, बिल्डिंग है या बाळंतीण?” (सिंधी माणूस, पण मराठी नेमकं तेवढंच बोलतो.) बघायला पाहुणे आलेल्या मुलीसारखी आमची इमारत मान खाली घालून बसली.

शिकवणी संपली, भूपेशने मशिनी चालू केल्या, आणि भोंगा! सगळे खाली. कोणी टॉवेलवर, कोणाच्या तोंडाला साबण. वर येतो तोच पुतळाबाईने मसाला कुटायला घेतला. पुन्हा भोंगा, पुन्हा खाली. असं रोज. शेवटी लोक भोंगा ऐकून कूस बदलायला लागले. अल्पेशने मला विचारलं, “काका, इथे माणसं राहतात ना? मशीनने रिकामी बिल्डिंग पाहिल्यासारखं वाटतं.” मी म्हटलं, राहतात, पण सभ्य आहेत. त्याने कपाळाला हात लावला आणि शिकवणी पहिल्यापासून सुरू केली. या खेपेला आम्ही मनसोक्त कुटलं, आपटलं, भांडलोसुद्धा. मशीन शहाणं झालं. उखळाला ओळखू लागलं, भूपेशला ओळखू लागलं, आणि मला जरा डुलकी लागायला लागली.

तर परवा भूपेशची सुट्टी, भर दुपारची सामसूम, आणि भोंगा वाजला. जुन्या सवयीने कोणी जागचं हललं नाही. मी एकटाच खाली जाऊन उभा राहिलो. अल्पेश आला, आमच्या स्वयंपाकघराखालच्या खांबाचं प्लास्टर त्याने खरवडलं, तर आतली सळई गंजून हाताने तुटत होती. खांब नीट होईपर्यंत इमारत रिकामी करायची आहे. ज्या भीतीने मी अख्ख्या इमारतीला चवड्यांवर चालवलं, तेच पुढ्यात आलं. (पहिलीच शिकवणी राहिली असती तर या भोंग्याला मीसुद्धा उठलो नसतो. हे पुतळाबाईला कळवू नये.)

बाकी इकडचं जेवढं उभं आहे तेवढं बरं आहे.

आपला,
महिपती

ता. क. : लग्नाच्या मांडवात मी माईकवरून म्हणालो होतो की, मुलीच्या सासरी मुक्काम करणारा बाप मी नव्हे. आपण ते विसरला असाल तर उत्तम. तुमच्या मागच्या खोलीतली भाताची पोती हलवली तर दोन माणसं मावतील, असं पुतळाबाई म्हणते.

आणखी एक ता. क. : पत्र पोस्टात टाकलेलं नाही. जिज्ञासाच्या हाती आत पाठवलं आहे आणि आम्ही दोघं तुमच्याच ओट्यावर बसलो आहोत. हे तोंडाने बोलणं माझ्याच्याने झालं नसतं. सावकाश वाचा, घाई नाही. फक्त पुतळाबाईला पाणी पाठवाल तर दोन पेले पाठवा.