लाल माऊस आणि अरबी समुद्र

२ नोव्हेंबर २०२४, पाडवा. सकाळी ९.४०

शीलाने ओवाळलं. मी ताटात काय टाकतो हे बघत उभी राहिली. म्हणालो, यंदा वस्तू नाही, शब्द टाकतो. चेहरा पडला तिचा. वस्तूंचा मोह काही सुटत नाही माणसाला.

शब्द असा: संक्रांतीपर्यंत माझ्या नव्या उद्योगाला बाहेरगावची एक तरी ऑर्डर येईल. नाही आली, तर 'हेमकांत मोबाईल क्लिनिक'चं शटर कायमचं खाली ओढून मी तिच्या भावाच्या, म्हणजे नवनीतच्या, मिरचीच्या पेढीवर पोती मोजायला बसेन. शीला म्हणाली, लिहून द्या. दिलं. तिने ते फ्रिजवर चिकटवलं.

मिरचीची पेढी आणि मी! इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा आहे माझा. पूर्ण नसेल, पण आहे.

४ नोव्हेंबर

उद्योगाची नोंद राहिली. पुण्याची एक कंपनी आहे. समुद्राकडे निघालेलं प्लास्टिक वाटेतच अडवायचं आणि त्याचे कीबोर्ड, माऊस, लॅपटॉपची झाकणं बनवायची, असं तिचं काम. व्हिडिओत म्हणाले, नवउद्योजकांनी नमुने पाठवा. बघताबघताच कळलं, हा व्हिडिओ माझ्यासाठीच केलाय.

शीला म्हणाली, 'आठे समुद्र कोठे शे?' इथे नसला म्हणून काय झालं? नकाशा उघडून दाखवला. आपली गटार, मग नाला, मग तापी, मग सुरत, मग अरबी समुद्र. म्हणजे आपल्या चौकात पडलेली गुटख्याची पुडी तांत्रिकदृष्ट्या समुद्रातच पडलेली आहे. शीला म्हणाली, मग गटार साफ करा ना आधी.

दूरदृष्टी हा रक्तातला गुण असतो. तिच्या माहेरी नाही.

७ नोव्हेंबर. सकाळी ७

शास्त्रीय प्रयोग. रिकाम्या बाटलीत चिठ्ठी घातली: 'ही बाटली सापडल्यास कळवावे. हेमकांत, नंदुरबार.' खाली मोबाईल नंबर. टोपण घट्ट लावून गटारीत सोडली. समोरच्या छबूबाईंनी विचारलं, गटारीत कचरा का टाकताय? त्यांना काय सांगणार?

अंदाजे नऊ दिवसांत सुरत.

१० नोव्हेंबर

फोन नाही. म्हणजे चार आले, पण सगळे गिऱ्हाइकांचे. आमचा मोबाईल दुरुस्त झाला का, हेच. नंतरचे उचलले नाहीत. लाईन मोकळी हवी.

१३ नोव्हेंबर

रेवाबाईंकडून वीस किलो प्लास्टिक घेतलं. ही बाई अक्कलकुव्याच्या वरच्या डोंगरातली. बारा वर्षं नंदुरबारात प्लास्टिक वेचते, निवडते आणि भंगारवाल्याला विकते. वजन करताना पोत्यातून माझी बाटली निघाली, चिठ्ठीसकट! विचारलं, कुठे मिळाली? सुरतेला? तिने माझ्याच घरापुढच्या गटारीच्या जाळीकडे बोट दाखवलं. चाळीस पावलं.

बाटली वजनात धरली तिने. माझीच बाटली मी विकत घेतली.

निष्कर्ष: रेवाबाई नसत्या तर बाटली समुद्रात गेली असती. प्रयोग यशस्वी.

१९ नोव्हेंबर

कलरची अडचण. पातेल्यात थोडं वितळवून पाहिलं, रंग उकडलेल्या बटाट्यासारखा आला. असा माऊस पुण्याला कोण हातात धरणार?

दुपारी नवनीतच्या पेढीवर चहाला गेलो आणि डोळे उघडले. मिरचीच्या पोत्यांच्या आतल्या प्लास्टिकच्या पिशव्या! ढीगच्या ढीग. आतून-बाहेरून लालभडक, कणाकणात मुरलेला रंग. निसर्गदत्त आणि फुकट. एक हातगाडी भरून आणल्या.

रेवाबाई म्हणाली, 'दादा, हाई पहिले धोई ल्या. दोन पानी.' मला हसूच आलं. धुतलं तर कलर जाईल ना! ती स्वतःच्या कामाला लागली. प्लास्टिकचा तुकडा कानाशी धरून चुरगाळते, आवाजावरून जात ओळखते, एका ढिगात टाकते. शंका आली तर काडी लावून वास घेते आणि दुसऱ्या ढिगात टाकते. जुन्या पद्धती. म्हणालो, हल्ली हे मशीन करतं. म्हणाली, कोणतं? विषय बदलला. तांत्रिक बाबी सगळ्यांना समजावता येत नाहीत.

२६ नोव्हेंबर. संध्या. ५

जवळच्या रनाळ्यातल्या आमच्या रिकाम्या गोठ्यात प्लँट सुरू! नारळ फोडला. साचा भीमसिंग वेल्डरने करून दिला. ओव्हन शीलाचा, नानकटाईचा. तात्पुरता आणलाय. सांगायचं राहिलं.

पहिला माल वितळत असतानाच शीला रिक्षाने येऊन दारात उभी. 'मन्हा ओव्हन...' एवढंच म्हणाली आणि पुढे बोलवेना. डोळ्यांतून घळाघळा पाणी. पदर तोंडाला लावला. सोळा वर्षांच्या संसारात तिला माझा असा अभिमान वाटलेला पहिल्यांदाच पाहिला. मलाही रडू आवरेना. शेजारच्या गोठ्यातली म्हैससुद्धा गहिवरली होती.

३ डिसेंबर

जन्म झाला. नाव: तापी-वन. आतलं सर्किट जुन्या माऊसचं, बाहेरचं कवच अस्सल नंदुरबारी. लालबुंद, आणि त्यात मिरचीच्या बिया सोन्यासारख्या चमकतात. याला टेक्श्चर म्हणतात.

किरकोळ मुद्दे: उजवं बटण दाबलं की डावंही दाबलं जातं. वजन जास्त. पायावर पाडू नये.

रेवाबाईने हातात घेऊन पाहिला, लगेच खाली ठेवला आणि हात धुवायला गेली. स्वच्छतेची आवड चांगली आहे.

९ डिसेंबर

माणसांवर चाचणी. नवनीतच्या पेढीवर कॉम्प्युटरवाला पवन आहे. सकाळी त्याला माऊस दिला, संध्याकाळी परत घेतला. तक्रार शून्य! हाताची थोडी आग होते म्हणाला, पण पेढीवर हात सगळ्यांचेच पेटलेले असतात. डोळे लाल होते, पण तेही सगळ्यांचेच. नवनीतने माऊस धरला आणि चार वेळा शिंकला. तो एरवी सहा वेळा शिंकतो.

म्हणजे फायदाच झाला. तसं नोंदवलं.

१६ डिसेंबर

पार्सल गेलं. तीन तापी-वन.

फॉर्म अवघड होता. 'समुद्रापासून अंतर?' लिहिलं, नदीने गेल्यास जवळ. 'आपल्या उत्पादनाचे वैशिष्ट्य?' लिहिलं, हातात घेताच जाणवेल.

एक नसता आग्रहही होता. निवडलेल्या, धुतलेल्या कच्च्या मालाचा दोन किलो नमुना सोबत पाठवा, म्हणे. माझ्याकडे धुतलेलं काहीच नव्हतं, तत्त्वच होतं ते. रेवाबाईची एक पिशवी तयार होती, तीच विचारून घेतली. भंगारवाल्याकडे माल मिसळू नये म्हणून ती प्रत्येक पिशवीला नाव-नंबराची चिठ्ठी बांधते. काढणार होतो. मग ठेवली. थेट बांधावरून आलेला माल वाटतो.

२५ डिसेंबर

उत्तर नाही. मोठे निर्णय वेळ घेतात. तोवर व्हिजिटिंग कार्डं छापून घेतली: हेमकांत, संस्थापक, संचालक, मुख्य संशोधक, तापी सागर तंत्रज्ञान. फोन नंबरला जागा उरली नाही. ज्याला गरज असेल तो शोधत येईल.

शीला रोज जाता-येता फ्रिजवरच्या कागदाकडे बघते. बोलत काही नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

३ जानेवारी २०२५. दुपारी १२.१५

पुण्याहून फोन! कंपनीच्या मॅडम स्वतःच होत्या, मोहिनी नाव. पहिला प्रश्न: माऊसमध्ये नेमकं काय आहे? मी म्हणालो, खान्देश.

मग सविस्तर कळलं. त्यांच्या एका इंजिनिअरने तापी-वन दहा मिनिटं हाताळला आणि डोळा चोळला. ज्याने त्याच्या डोळ्यावर पाणी मारलं, त्यानेही मग स्वतःचा डोळा चोळला. हॉलभर शिंका, खिडक्या उघडल्या, सगळे बाहेर पायऱ्यांवर. आता सगळे बरे आहेत. तिन्ही माऊस झाकणाच्या डब्यात बंद आहेत.

मला वाईट वाटलं. खरंच वाटलं, माफीही मागितली. पण शांतपणे विचार केला, तर पहिल्याच दिवशी आख्खं ऑफिस उठवणारं प्रॉडक्ट आजवर कोणी काढलंय?

फोन ठेवायच्या आधी मॅडमनी विचारलं, ती दोन किलोची पिशवी कोणी निवडली? त्यात चुकीचा एक तुकडा नाही म्हणाल्या. चिठ्ठीवरच्या रेवाबाई कोण? मी म्हणालो, माझ्या सप्लाय चेनमधल्या.

तेरा तारखेला भेटायला येतायत. संक्रांतीच्या आदल्या दिवशी! शीलाला सांगितलं. तिने पहिल्यांदाच स्वतःहून विचारलं, जेवायला काय करू त्यांना?

१३ जानेवारी

आज इतिहास घडला. थोडा बाजूने घडला.

मॅडम आल्या, सरळ रेवाबाईच्या पालाजवळ जाऊन जमिनीवर बसल्या. रेवाबाईने प्लास्टिक चुरगाळून दाखवलं. मॅडमनीही डोळे मिटून ऐकलं. मी मधे अरबी समुद्राची पार्श्वभूमी सांगायला घेतली. त्या म्हणाल्या, एक मिनिट सर, त्या बोलतायत.

ऑर्डर झाली. दर महिन्याला निवडलेलं, धुतलेलं प्लास्टिक, त्याचे पुण्यात कीबोर्ड होणार. करार रेवाबाईशी. तिने दोन अटी घातल्या: मालाची उचल वेळेवर हवी आणि धुवायचं पाणी टँकरने मिळालं पाहिजे. मला हे सुचलं नसतं. म्हणजे, एवढ्या लवकर सुचलं नसतं.

मग फोटो. 'सर, जरा बाजूला.' मी पोत्याचं तोंड धरून उभा राहिलो. फोटो व्हॉट्सॲपवर आलाय. माझी चार बोटं आली आहेत. बोटं चांगली आली आहेत.

१४ जानेवारी, संक्रांत

शीलाने कागद फ्रिजवरून काढला. मी आधीच म्हणालो, ऑर्डर आली की! बाहेरगावची! ती म्हणाली, 'कोणना नाववर शे?' मी कागदातली वाक्यरचना सैल असल्याचं दाखवून दिलं. तिने 'माझ्या नव्या उद्योगाला' यावर बोट ठेवलं, दुसऱ्या हाताने माझ्या हातावर तिळगूळ ठेवला आणि नवनीतला फोन लावला.

भांडली असती तर मीही भांडलो असतो. पण फोनवर तिचा आवाज फार हळू होता. 'दादा, त्यास्ले काही बोलू नको बरं,' असं म्हणत होती. लग्न झाल्यापासून मी तिला काहीतरी मोठं करून दाखवतो म्हणतोय, आणि ती माझ्यासाठी भावाकडे शब्द टाकतेय. फार वाईट वाटलं. तिळगूळ तसाच हातात राहिला.

१७ जानेवारी

पेढी, तिसरा दिवस. दोनशे बारा पोती मोजली आणि शिंक आली. पुन्हा एकपासून. नवनीत म्हणाला, दाजी, तुम्ही मोजू नका. म्हटलं, मग काय करू? म्हणाला, बसा फक्त.

बसलो. बसायचं काम अवघड आहे. लोकांना वाटतं तसं नाही.

२१ जानेवारी

रेवाबाईने रनाळ्याचा गोठा भाड्याने घेतला. शीलाने दिला. मला विचारलं. म्हणजे सांगितलं. सात बाया कामाला लागल्यात. माल उचलायला माणूस हवाय असं कानावर आलं.

पेढी सुटल्यावर गेलो. सल्लागार म्हणून येतो म्हणालो, कार्ड दिलं. रेवाबाईने ते चुरगाळून कानाशी नेलं आणि कागदाच्या ढिगात टाकलं. मग म्हणाली, 'दादा, आठ दिन या. मंग देखसूत.' अट एकच, काम करताना भाषण नाही. बाया हसतात आणि माल मिसळतो.

नवनीतला राजीनामा सांगितला. त्याने लगेच चहा मागवला. सोबत भजीसुद्धा.

२२ जानेवारी. संध्या. ६.३०

पहिला दिवस. सातला हजर होतो. पोती उचलली, धुणं केलं. दुपारी एक ढीग निवडायला मिळाला. दोन तास लावले. चुरगाळलं, कानाशी धरलं, मला सगळं एकच ऐकू आलं. रेवाबाईने ढीग बघितला, पुन्हा एकत्र ओतला आणि शिकवायला सुनिताला माझ्याशेजारी बसवलं. सुनिता गेल्या गुरुवारी लागली. सीनियर आहे मला.

चारच्या सुमारास एक तुकडा कानाशी कडकड वाजला. मी काही न बोलता बरोबर ढिगात टाकला. सुनिता म्हणाली, 'हां!' एवढंच.

जाताना रेवाबाई म्हणाली, 'सकाय या.' म्हणजे उद्याही बोलावलं. येताना शीलासाठी अर्धा किलो जिलबी घेतली. तिने विचारलं, कशाची? म्हणालो, नोकरी लागली. विचारलं, कायमची? म्हणालो, सध्या आठ दिवसांची.

म्हणाली, मग पाव किलो पुरली असती.